नाव नाही, त्याला वाली नाही

पावसाची झड ओसरून उन्हे पडू लागली, की साताऱ्याजवळच्या कासच्या पठाराकडे पुण्या-मुंबईच्या मोटारींची रीघ लागते. ठरलेले शुल्क भरून हजारो नागरिक सोनकी, तेरडा, गेंद आणि सीतेची आसवे डोळे भरून पाहतात व समाधानाने घरी परततात. पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत कास आहे. तेव्हा ही रीघ स्वाभाविक आहे आणि तिच्याबद्दल आमची तक्रार नाही. आमची तक्रार निराळीच आहे. हाच नागरिक परत आल्यावर आपल्या घरामागच्या टेकडीला ‘उजाड’ म्हणतो आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी तेथे खणल्या जाणाऱ्या खड्ड्यांसाठी आनंदाने वर्गणी देतो. जे पाहण्यासाठी आपण एवढ्या लांब गेलो, त्याचीच भावंडे या टेकडीवर नांदत आहेत, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

ही चूक द्वेषाची नव्हे, ऋतूची आहे. आषाढ आमरीचे उदाहरण घ्या. डोंगरमाथ्यावर पाऊस पडू लागला की जमिनीला चिकटलेले एकच पान आणि त्यावर एक-दोन पांढरी फुले, एवढाच या वनस्पतीचा संसार. काही आठवड्यांत तो आटोपतो आणि उरलेले वर्ष ती कंदाच्या रूपाने मातीत निजून असते. कळलावी, दीपकाडी, कंदीलपुष्प यांची रीतही तीच. गवतांच्या मुळ्या जमिनीत जिवंत असतात, वर दिसते ती केवळ वाळलेली काडी. आणि आमच्याकडे जमिनीची पाहणी केव्हा होते? चैत्र-वैशाखात! अधिकाऱ्याला समोर मुरूम आणि धोंडे दिसतात. तो ‘रिकामी जागा’ असा शेरा मारतो. ज्येष्ठ लागण्यापूर्वी खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांतून कंद उपसले जातात. निजलेल्या घराला रिकामे समजून त्यात भाडेकरू घालावा, तसा हा प्रकार आहे.

या शेऱ्यामागे एका शब्दाचे बळ आहे. तो शब्द म्हणजे ‘पडीक’. ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती निरुपयोगी, हा इंग्रजी अमदानीतील महसुली हिशेब. इंग्रज गेले, हिशेब राहिला. केंद्र सरकारच्या पडीक भूमीच्या नकाशासंग्रहात झुडपी माळ आणि चराऊ कुरणे यांचे क्षेत्र आजही त्याच सदराखाली मोडते. १९५० साली कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला, तो सद्हेतूनेच. परंतु पुढे झाडांची संख्या हाच पुण्याईचा मापदंड झाला. महाराष्ट्राने २०१९ साली ३३ कोटी झाडांचा संकल्प सोडला. एवढी झाडे लावावयाची तर जागा हवी, आणि जागा म्हणताच ‘पडीक’ माळाकडेच बोट जाते. पुण्याच्या टेकड्यांवर मध्य अमेरिकेतून आलेले गिरिपुष्प कसे माजले, हे तेथे रोज फिरावयास जाणाऱ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक आहे. या माळांवर पूर्वी अरण्येच होती, माणसाने ती तोडली, तेव्हा ती पुन्हा उभी करण्यात वावगे काय, असे पुष्कळांना वाटते. घाटमाथ्यावरील कित्येक उतारांविषयी हे खरेही आहे. तेथे देशी झाडे अवश्य लावावीत. परंतु पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या माळरानांविषयी ते सरसकट खरे नाही. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुन्या मराठी कथा, गीते व ग्रंथ यांतील वनस्पतींचे उल्लेख तपासून २०२५ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. निदान साडेसातशे वर्षे या प्रदेशात विरळ, काटेरी झाडांची गवताळ राने नांदत आहेत, असे त्यांना आढळले. आमच्याच वाङ्मयाने दिलेली ही साक्ष आम्ही ऐकावयास नको काय? माळ म्हणजे मोडलेले जंगल नव्हे. ते निसर्गाचे एक स्वतंत्र घराणे आहे.

दुसरा आक्षेप असा, की रानफुलांची चिंता हा सुखवस्तूंचा छंद आहे. हा आक्षेप घेणाऱ्यांनी एखाद्या धनगराला विचारून पाहावे. मारवेल, पवना, शेडा, डोंगरी ही त्याच्या दृष्टीने शोभेची नावे नव्हेत, मेंढरांचा घास आहे. कुसळी कोवळी असताना चारा आणि कुसळे धरल्यावर जनावरांना जाच, हे त्याला ठाऊक असते. माती धरून ठेवणे व पाणी मुरविणे हे काम या गवतांच्या मुळ्या करतात. झाडांखाली सावली दाटली की ही उन्हाची गवते मरतात, आणि त्यांबरोबर एका माणसाची उपजीविकाही आटते.

तथापि सरकारला दोष देऊन सुशिक्षितांची सुटका होणार नाही. आमच्यापैकी बहुतेकांच्या ओळखीचे ‘गवत’ कोणते? काँग्रेस गवत, म्हणजेच गाजरगवत! ते मुळात गवत नव्हे आणि आपलेही नव्हे. पुण्यात त्याची पहिली नोंद झाली ती १९५५च्या सुमारास. सोनकी समजून ज्या केशरी-पिवळ्या ताटव्यांपुढे हल्ली छायाचित्रे काढली जातात, ते पुष्कळदा मेक्सिकोतून आलेले कॉसमॉस असते. आमच्या घरांतील जुन्या बायकांना गौरीसाठी तेरडा आणि पूजेसाठी एकवीस पत्री झाडांवरून ओळखता येत. आज बाजारातली जुडी सोडून पाहण्याचीही आम्हांस गरज वाटत नाही.

ज्ञान नाही असे नव्हे. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य थिओडोर कूक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात सिद्ध केला. ब्लॅटर आणि मॅककॅन यांचा मुंबई इलाख्यातील गवतांवरील ग्रंथ १९३५ सालचा. पण ही विद्या इंग्रजी-लॅटिन पोथ्यांत राहिली, आणि गुराख्याच्या तोंडची नावे त्याच्याबरोबर जात आहेत. शिवाय काम संपलेलेही नाही. सातारा जिल्ह्याच्या नावानेच ओळखला जाणारा वायतुरा शास्त्राला नवा म्हणून नोंदला गेला तो १९८०च्या दशकात, कूकच्या ग्रंथानंतर सुमारे पाऊणशे वर्षांनी. ज्या पठारावर आज पवनचक्कीचा रस्ता किंवा जांभ्याची खाण होते, तेथे काय नोंदावयाचे राहून गेले, याचा हिशेब कोण देणार?

उपाय नव्या कायद्याची वाट पाहत नाही. २००२च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयास हवी आणि तिने लोकांच्या माहितीवरून नोंदवही ठेवावयास हवी. आमची मागणी अशी, की ही नोंदवही कचेरीत बसून नव्हे, तर आषाढ ते कार्तिक टेकडीवर जाऊन भरली जावी. तीत शास्त्रीय नावाशेजारी स्थानिक मराठी नाव असावे. आणि ती नागरिकांना पाहावयास मिळावी. वनस्पतिशास्त्राच्या महाविद्यालयांनी एकेक टेकडी वाटून घ्यावी. ज्या माळाची पावसाळी पाहणी झालेली नाही, त्यावर एकही खड्डा खणला जाऊ नये. सरकारी दप्तरात ‘गवताळ माळ’ हे सदर ‘पडीक’पासून वेगळे काढावे. रोपवाटिकांनी रोपांबरोबर देशी गवतांचे बी राखावे. आणि संरक्षण म्हणजे तारेचे कुंपण, ही समजूतही सोडावी. बेताची चराई आणि गवताची कापणी यांच्या संगतीतच हे माळ वाढले आहेत.

नागरिकांकडे आमचे मागणे याहून लहान आहे. श्रमदानाला जाणाऱ्या मंडळींनी यंदा कुदळीऐवजी वही घेऊन आपल्या टेकडीवर जावे. दहा फुले आणि पाच गवते जाणत्याकडून ओळखून घ्यावीत आणि ती मुलांना दाखवावीत. ज्या टेकडीवरील रहिवाशांची नावे शहराला ठाऊक असतील, ती टेकडी ‘रिकामी’ आहे असे म्हणण्याचे धाडस मग कोणत्याही कचेरीला होणार नाही.