पश्चिमेची खिडकी

खामगाव-मलकापूरकडे जुन्या लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवणे आता नेहमीचे झाले आहे, आणि त्यात ‘दुहेरी काच घ्या, वीज वाचेल’ हा सल्लाही मिळतो. वाचेल, पण एसीच्या बंद खोलीत. आपल्याकडे उन्हाळा निघतो तो कूलरवर, आणि कूलरला आत घेतलेली ओली हवा बाहेर काढायला समोरची खिडकी उघडी लागते. उघड्या खिडकीची काच एकेरी की दुहेरी, याला मग काय अर्थ? उलट सरकती खिडकी अर्धीच उघडते, जुनी दोन झडपांची पूर्ण. शिवाय दोन काचांमधली कोंडलेली हवा बाहेरची झळ अडवते, थेट ऊन मात्र साध्या पारदर्शक काचेतून बरेचसे आत येतेच. पारा ४४ अंशांवर गेला की खरा त्रास पश्चिमेच्या खिडकीचा, कारण दुपारनंतरचे तिरपे ऊन छज्ज्याखालून सरळ आत शिरते. ते काचेच्या बाहेरच अडवायला हवे, वाळ्याच्या किंवा बांबूच्या तट्ट्याने. आतल्या पडद्यापर्यंत पोचलेले ऊन घरात आलेलेच असते. धुळीचे काय, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी घट्ट बसणारी चौकट आणि जाळी घ्यावी. एसी असलेल्या खोलीला मात्र उष्णता परतवणारा लेप असलेली दुहेरी काच आणि ॲल्युमिनियमऐवजी यूपीव्हीसीची चौकट जरूर लावावी. घाटावरच्या थंड बुलढाणा शहरात तेवढीही घाई नको.