एका चिमट्याची गोष्ट

१९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. लस मुंबईच्या परळ प्रयोगशाळेतली, म्हणून ठपका डॉ. हाफकिन यांच्यावर आला. खरे कारण वेगळे होते. बाटली उघडण्याचा चिमटा जमिनीवर पडला आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले.

ही शिस्त आकृती काढून अंगी बाणत नाही. पांढुर्णा-सौंसरच्या शाळांना त्यासाठी महाग यंत्रे नकोत, कुकर पुरे. वरणाचे पाणी दोन परीक्षानळ्यांत भरून, कापसाचे बोळे लावून शिट्टीनंतर २० मिनिटे वाफवावे. मग एकीचा बोळा काढावा. उघडीतले पाणी आंबेल, झाकलेलीतले टिकेल. फेकण्यापूर्वी दोन्ही पुन्हा वाफवाव्यात. विश्वस्त मंडळाने प्रयोगशाळेला एक कुकर द्यावा, ही विनंती.