कोरी पाटी

गेल्या श्रावणात आमच्या घरच्या लॅपटॉपने मान टाकली. आठवडाभर आधी त्याच्या पोटातून टक टक असा आवाज येत होता. पण भिंतीवरच्या घड्याळाकडे आपण जितके लक्ष देतो, तितकेच मी त्याच्याकडे दिले. दुकानदाराने जुनी डिस्क काढून ५१२ जीबीची नवी एसएसडी बसवली आणि म्हणाला, "सर, आता ही अगदी कोरी पाटी. विंडोज घालून देऊ का?" त्याने सांगितलेला आकडा ऐकून मी घरचा रस्ता धरला.

आमची कन्या अकरावीत आहे. "बाबा, आपण उबुंटू घालू. फुकट आहे," ती म्हणाली आणि तिने पेनड्राइव्ह मागितला. "यातलं सगळं पुसलं जाईल हं. महत्त्वाचं काही नाही ना?"

माझे डोळे उत्तरपत्रिकांत होते. "काही नाही," मी म्हणालो.

पेनड्राइव्ह लावला, एफ-१२ दाबले, यादीतून त्याचे नाव निवडले. मग भाषा विचारली, गाव विचारले. आम्ही पक्के पुणेकर असूनही कोलकाता सांगितले, कारण भारताची वेळ त्या यादीत कोलकात्याच्या नावावर आहे. (सदाशिव पेठेत हे कुणाला सांगू नये.) अर्ध्या तासात 'काम पूर्ण' अशी पाटी आली. पेनड्राइव्ह काढून पुन्हा सुरू करतो तो काय! काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे: सुरू करण्याजोगे काहीही सापडले नाही.

पुन्हा केले. तेच. तिसऱ्या रात्री दुकानदाराला फोन केला. "मदरबोर्ड गेला असणार, सर. सात-आठ हजार धरून चाला." माझा विश्वासही बसला.

"अहो, पण नवी डिस्क आत दिसते तरी का, ते आधी बघा ना," सौ. म्हणाली. बघितले. डिस्कचे नाव होते. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालवून आत डोकावलो, तर उबुंटूच्या साऱ्या फाइली जागच्या जागी! मग 'काहीही सापडले नाही' म्हणजे काय?

माझ्या आजोबांचा एक मोडी कागद आमच्या कपाटात आहे. जमीन, चतुःसीमा, साक्षीदार, सारे त्यात आहे म्हणतात. पण मला मोडी येत नाही (मराठीचा प्राध्यापक असून, हे कबूल करतो), त्यामुळे मला तो कोऱ्यासारखाच. लॅपटॉपचे तेच झाले होते. बटण दाबताच त्यातले जे सर्वांत आधी जागे होते, ते फर्मवेअर. जुन्या बायॉसच्या रीतीत ते डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत सुरुवात शोधते. नव्या यूईएफआयच्या रीतीत डिस्कवर फॅट-३२ पद्धतीचा एक लहानसा कप्पा असतो आणि सुरुवात करून देणारी फाइल त्यात ठेवलेली असते. आमचे यंत्र नव्या रीतीवर लावलेले होते. एफ-१२च्या यादीत मात्र पेनड्राइव्हचे नाव दोनदा होते: वर नुसते, खाली 'यूईएफआय' हे बिरुद लावून. आम्ही तिन्ही वेळा वरचे निवडले होते. पेनड्राइव्ह ज्या रीतीने जागा होतो, त्याच रीतीची सुरुवात तो डिस्कवर लिहितो. पाटी कोरी नव्हती. तिच्यावर मोडीत लिहिले होते आणि वाचणारा होता बाळबोध शिकलेला.

खालचे नाव निवडले. अर्ध्या तासात लॅपटॉप सुरू झाला. मदरबोर्ड ठणठणीत.

"बरं झालं," सौ. म्हणाली, "आता आईंच्या ओव्या यात भरून ठेवा. जुन्या डिस्कबरोबर एक प्रत गेली, पण दुसरी तुमच्या पेनड्राइव्हवर आहे ना?"

माझी आई २०१९ मध्ये गेली. आदल्या उन्हाळ्यात तिने जात्यावरच्या ओव्या म्हणून दाखवल्या होत्या. मी त्या मोबाइलवर उतरवल्या होत्या. तो मोबाइलही केव्हाच मोडीत निघाला. मी टेबलावरच्या पेनड्राइव्हकडे पाहिले. कन्येनेही पाहिले.

ती मला काही बोलली नाही. एवढेच म्हणाली, "याला आता कुणी हात लावू नका." पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, उबुंटूचा मजकूर ६ जीबीच्या आसपास. अनुक्रमणिका गेली होती, पुढची बरीचशी पाने शाबूत असण्याची आशा होती. फोटोरेक नावाचा एक फुकट प्रोग्रॅम अशी पाने हुडकतो; फक्त मूळ नावे परत मिळत नाहीत आणि सापडलेले त्याच पेनड्राइव्हवर ठेवायचे नसते. रात्रभर तो चालला. मला झोप कसली येते!

सकाळी ४१ पैकी २७ फाइली नव्या डिस्कवर आल्या. काही मध्येच तुटलेल्या. नावाच्या जागी 'एफ' हे अक्षर आणि पुढे लांबलचक आकडे. आता रोज रात्री एकेक ऐकून मी तिला नाव देतो आहे. काल अकरावी लावली. आधी नुसती जात्याची घरघर, मग आईचा आवाज: "अरे, चालू झालंय का ते?"