किटलीतला बुळबुळीत थर आणि लवंगेचे तेल

पावसाळ्यात अंबरनाथ पूर्वेच्या शिवमंदिरात जाणाऱ्यांना ठाऊक आहे की, तिथे वालधुनीच्या काठी दगडावरून पाय कसा सटकतो. इ. स. १०६० च्या त्या मंदिराजवळच्या ओल्या दगडांवर शेवाळ आणि जिवाणूंचा निसरडा थर धरतो. त्याचेच भाऊबंद आपल्या घरी दुधाच्या किटलीत, माठात आणि हौदाच्या भिंतीवर नांदत असतात. नुसती विसळलेली किटली दिसते चकचकीत, पण आतून बोट फिरवले की बुळबुळीत लागते. संध्याकाळचे दूध सकाळी नासते, ते पुष्कळदा यापायीच.

हा थर म्हणजे जिवाणूंची वस्ती. भांड्याला चिकटून त्यांची संख्या वाढली की ते भोवती चिकट लेप तयार करतात. या गावकुसाच्या आत औषध सहजी पोचत नाही. गाईम्हशींचा कासदाह, म्हणजे आपली दगडी, बरी झाली असे वाटते आणि पुन्हा उलटते, त्याचे एक कारण कासेतली अशी वस्ती हेही असते.

आता, आपण किती जण जमलो हे जिवाणूंना कळते कसे? प्रत्येक जिवाणू एक रसायन बाहेर सोडतो. दाटी झाली की ते रसायन साठते, आणि तीच कामाला लागण्याची दवंडी ठरते. समुद्रातल्या उजेड देणाऱ्या जिवाणूंवर अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७० साली हे दाखवून दिले. थोडे असताना अंधार. गर्दी झाली की उजेड!

मग ही दवंडीच बंद पाडली तर? अलीगढ मुस्लिम विद्यापीठातील संशोधकांनी २००९ साली २१ वनस्पतींची सुगंधी तेले तपासली. त्यासाठी घेतलेला एक जिवाणू दाटी झाली की जांभळा रंग तयार करतो. लवंगेच्या तेलाने त्याचा हा रंग सर्वांत चांगला रोखला. दालचिनी, लव्हेंडर आणि पेपरमिंटच्या तेलांतही तो गुण आढळला. जिवाणूला न मारता त्याची एकी मोडली, तर तो औषधाला सरावण्याची भीती कमी, अशी शास्त्रज्ञांना आशा आहे.

परंतु प्रयोगशाळेतली बशी वेगळी आणि आपला गोठा वेगळा. हे वाचून कोणी कासेला लवंगेचे तेल चोळू नये, जनावराला पाजू नये. शुद्ध तेलाने कातडी भाजल्यासारखी होते. लहान मुलाच्या पोटात ते गेले तर यकृताला गंभीर इजा होऊ शकते. बाटली उंचावर ठेवावी. किटलीत तेल टाकले तर दुधाला वास लागेल तो वेगळाच.

किटलीचा थर घासल्यावाचून निघत नाही. दूध ओतताच ती आधी गार पाण्याने विसळा. एकदम गरम पाणी घातले तर दुधाचा अंश भांड्याला धरतो. मग कोमट पाणी आणि भांडी धुण्याची पावडर घेऊन कड, सांधे आणि झाकणाची रबरी चकती ब्रशने घासा. शेवटी उकळते पाणी फिरवून किटली उन्हात घोडीवर पालथी घाला. ओल राहिली की रात्रीत पुन्हा वस्ती उठते.

दगडी झाली तर पशुवैद्यांना बोलवा आणि सूज उतरली तरी औषध सांगितल्या दिवसांपर्यंत चालू ठेवा. आणि उद्या किटली धुतल्यावर आतून एकदा बोट जरूर फिरवून पाहा.