शिक्षेचा शेवट

ब्रिस्टलचा वास्तुशिल्पी फ्रान्सिस ग्रीनवे याचे १८०९ साली दिवाळे वाजले, बांधकामाच्या एका करारनाम्यावर त्याने बनावट मजकूर घातला, आणि १८१२ मध्ये गुन्हा कबूल करताच तत्कालीन इंग्रजी कायद्याच्या शिरस्त्याप्रमाणे त्याला देहान्त शासन फर्मावण्यात आले. पुढे ते चौदा वर्षांच्या हद्दपारीवर आले आणि १८१४ च्या फेब्रुवारीत तो सिडनीच्या बंदरात उतरला.

१७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत इंग्लंडने दीड लाखाहून अधिक बंदिवान ऑस्ट्रेलियात धाडले, आणि तेही तेथील मूळ रहिवाशांच्या बळकावलेल्या भूमीवर. तेव्हा या व्यवस्थेचे समर्थन करण्याचा विचार माझ्या मनाला शिवत नाही. परंतु मुंबईच्या लष्करी छावणीत उमेदीची वर्षे घालवलेले सिडनीच्या वसाहतीचे गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी यांनी, शिक्षा भोगून वा माफी मिळवून सुटलेल्या मनुष्यास त्याचा पूर्वीचा दर्जा परत मिळाला पाहिजे, हे तत्त्व राज्यकारभारात आणले, हे त्यांचे थोरपण मान्य केलेच पाहिजे. १८१६ मध्ये त्यांनी ग्रीनवेला तीन शिलिंग रोजावर सरकारी वास्तुशिल्पी नेमले, त्याने आखलेले दीपगृह उभे राहताच सशर्त माफी दिली आणि १८१९ मध्ये ती पूर्ण केली.

त्याच वर्षी सिडनीच्या हाइड पार्क येथील, ग्रीनवेनेच आखलेली बंदिवानांची बराक पुरी झाली. तांबूस विटांची, तीन मजल्यांची, दर्शनी भागी घड्याळ मिरवणारी ही इमारत बंदिवानांच्याच हातांनी उभी राहिली. आत एकमेकांस खेटून टांगलेल्या झोळ्यांत शेकडो बंदिवान निजत. आज तिची गणना जागतिक वारशात होते.

याच सुमारास वसाहतीच्या कारभाराच्या चौकशीसाठी विलायतेहून आलेले आयुक्त जॉन बिग यांना मात्र, मुक्त बंदिवानांना मिळणारा मान आणि सरकारी इमारतींचा डौल, दोन्ही खुपले. कारण हद्दपारीचा धाक कायम राहावा हीच लंडनच्या दरबाराची इच्छा होती. मॅक्वारी पद सोडून गेले, १८२२ मध्ये ग्रीनवे बडतर्फ झाला, आणि १८३७ मध्ये विपन्नावस्थेत मरण पावला.

ग्रीनवे अहंमन्य व भांडखोर होता, हा आक्षेप खरा आहे. पण स्वभावदोषांचा जाब त्या दोषांपुरताच घ्यावा. त्यासाठी मिटलेला गुन्हा पुन्हा उकरून काढू नये. न्यायाधीश शिक्षेची मुदत ठरवतो, ती संपल्यावर समाज मात्र बेमुदत शिक्षा सुरू करतो, आणि आपल्याकडेही तुरुंगातून सुटलेल्या मनुष्यास काम व भाड्याची खोली मिळण्याची मारामार पडते. ज्याला प्रामाणिकपणे पोट भरण्याची वाट आपण बंद करतो, त्याने पुन्हा वाकडी वाट धरली तर त्या पापाचा वाटा आपल्याही पदरी येतो. म्हणून सुटून आलेल्यास काम देणे हे औदार्य न समजता, न्यायालयाने दिलेल्या निकालाचाच उरलेला अंमल समजावे.