बातमी हीसुद्धा मदत आहे
म्यानमारच्या नागरिक-वार्ताहरांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी जाहीरनामा

आम्ही महाराष्ट्रातले पत्रकार, अनुवादक, विद्यार्थी आणि पूर-भूकंपात मदतीला धावणारे कार्यकर्ते. म्यानमारमध्ये जीव मुठीत धरून बातमी बाहेर पोचवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी आज ही चळवळ सुरू करत आहोत. संकटाच्या वेळी बातमी हीसुद्धा मदत असते आणि ती पोचवणारा माणूस ढिगारा उपसणाऱ्याइतकाच संरक्षणाचा हक्कदार असतो, अशी आमची भूमिका आहे.

बातमीची ताकद तिथल्या लष्कराला पक्की ठाऊक आहे. मे २००८ मध्ये नर्गिस चक्रीवादळ इरावदीच्या त्रिभुज प्रदेशावर आदळले. गावेच्या गावे वाहून गेली; मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे १ लाख ३८ हजार माणसे गेली. सेनाधिकाऱ्यांनी परदेशी मदतपथकांना ताटकळत ठेवले आणि १० मे रोजी देशाच्या बहुतेक भागांत स्वतः तयार केलेल्या संविधानावर सार्वमत उरकून घेतले. विनोदी नट झागानार स्वतः मदत वाटत होते आणि पाहिलेले परदेशी माध्यमांना सांगत होते. जूनमध्ये त्यांना उचलले आणि पुढे ५९ वर्षांची शिक्षा ठोठावली.

मे २०२३ मध्ये मोखा वादळाने राखाइनमधल्या रोहिंग्यांच्या छावण्या उद्ध्वस्त केल्या. सरकारीपेक्षा वेगळा मृतांचा आकडा छापणाऱ्यांवर कारवाई करू, अशी तंबी लष्कराने दिली. नुकसानीचे फोटो काढायला सितवे शहरात गेलेले छायाचित्रकार साई झॉ थाइके यांना तिथेच अटक झाली. सप्टेंबरमध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना २० वर्षांची शिक्षा दिली.

२८ मार्च २०२५ रोजी सागाइंग आणि मंडाले ७.७ तीव्रतेच्या भूकंपाने हादरले. रमजानचा शेवटचा शुक्रवार होता, मशिदी नमाजासाठी भरलेल्या होत्या. राहायला जागा नाही, वीज-पाणी नाही, असे कारण देऊन परदेशी पत्रकारांना प्रवेश नाकारण्यात आला. भूकंपानंतरही लष्कराची विमाने बॉम्ब टाकत राहिली. हे जगाला समजले ते मुख्यतः तिथल्याच लोकांच्या मोबाइलमधून.

अशा चित्रणाने काय साधते, असे विचारणाऱ्यांनी २७ सप्टेंबर २००७ आठवावा. लष्करी राजवटीविरुद्धच्या भिक्षूंच्या मोर्चांनी रंगून दुमदुमत होते. जपानी व्हिडिओ पत्रकार केंजी नागाई गोळी लागून रस्त्यावर पाठीवर कोसळले, तेव्हाही त्यांच्या हातातला कॅमेरा उंचावलेलाच होता. सरकार म्हणाले, हा अपघात. पण उंचावरून कोणी तरी केलेल्या चित्रणात सैनिकाने जवळून झाडलेली गोळी दिसली. नागाई यांचा गायब झालेला कॅमेरा २०२३ मध्ये त्यांच्या बहिणीच्या हाती आला. पुरावा जपणारी माणसे असली की तो इतकी वर्षे टिकतो.

मंडालेशी आपले जुने नाते आहे. 'केसरी'तील लेखांबद्दल लोकमान्य टिळकांनी सहा वर्षांची शिक्षा तिथेच भोगली. राजद्रोहाच्या ज्या १२४-अ कलमाचा आधार तेव्हा घेतला गेला, ते म्यानमारच्या दंडसंहितेत आजही आहे. १ फेब्रुवारी २०२१ ला सत्ता बळकावल्यावर दोन आठवड्यांत लष्कराने ते आणखी व्यापक केले आणि ५०५-अ हे नवे कलम जोडले. मार्चमध्ये पाच स्वतंत्र माध्यमांचे परवाने रद्द झाले. तेव्हापासून बातमीचा भार शिक्षक, डॉक्टर, विद्यार्थी आणि शेतकरी वाहत आहेत.

म्हणून आम्ही पुढील गोष्टींना बांधील आहोत :

१. आधी माणूस, मग चित्रण. चेहरा, आवाज, घराची खूण आणि फाइलमधली ठिकाणाची नोंद झाकल्याशिवाय किंवा काढल्याशिवाय आम्ही काहीही पुढे पाठवणार नाही. मागच्या भिंतीवरची दुकानाची पाटीसुद्धा कोणाला तरी तुरुंगात धाडू शकते.

२. पडताळणीशिवाय प्रसिद्धी नाही. जागा, वेळ आणि आधीची प्रसिद्धी तपासू. एक खोटी फीत शंभर खऱ्यांवरचा विश्वास घालवते. लष्कराच्या विरोधकांनी केलेला अत्याचारही आम्ही तितक्याच स्पष्टपणे नोंदवू.

३. मूळ प्रत जपू. उद्या न्यायालय उभे राहील, तेव्हा तिथे मांडता येईल अशा रीतीने प्रत्येक चित्रणाची तारीखवार नोंद ठेवू.

४. मराठीत आणू. मथळ्यांवरून विषय गेल्यावरही बातमी वाचकांपर्यंत पोचवत राहू.

५. स्वतंत्र राहू. कोणतेही सरकार, पक्ष किंवा सशस्त्र गट यांच्याकडून पैसा घेणार नाही.

भारत सरकारकडे आमची मागणी आहे : सीमा ओलांडून मिझोराममध्ये किंवा अन्यत्र आश्रयाला आलेल्या एकाही वार्ताहराला लष्कराच्या हवाली करू नये. मदतसंस्थांनी स्थानिक वार्ताहरांना बचावकार्याचा भाग मानावे आणि त्यांच्या औषधपाण्याची, निवाऱ्याची तरतूद करावी.

ज्यांना बर्मी भाषा येते, व्हिडिओ तपासता येतो, कायदा कळतो किंवा आठवड्याचे दोन तास देता येतात, त्या सर्वांना आमचे आवाहन आहे. तिथल्या माणसांनी जोखीम पत्करून आपला वाटा उचलला आहे. त्यांनी पाठवलेले तपासणे, जपणे आणि लोकांपुढे मांडणे हा आपला वाटा. या, आजपासून तो उचलू.