परके कोण?

शेतकरी आणि रापणकार बंधुभगिनींनो, जमीन दुसऱ्याच्या नावे गेली की कायदा त्यास अन्यसंक्रामण म्हणतो. माणूस स्वतःच्याच श्रमाला पारखा झाला की पंडित त्यास परात्मता म्हणतात. इंग्रजीत दोहोंना शब्द एकच : एलिएनेशन. घावही एकच!

१९७६ च्या दुरुस्तीने गोव्यातील कुळे मालक ठरली. २०२३ च्या कायद्याने शेतजमीन बिगरशेतकऱ्यास विकण्यावर निर्बंध आले. रापणकारांच्या झगड्यानंतर १९८० साली मासेमारीचा कायदा झाला. पण कायदा हात अडवतो, मन नव्हे. शेत पडीक राहिले, मुलांना रापण ओढण्याची लाज वाटू लागली, की परकेपणा आधी घरात शिरतो, मग एक-चौदाच्या उताऱ्यावर. तेव्हा सही करण्याआधी मुलांना एकदा बांधावर न्या, वेळेवर न्या!